जन्मजात अवयव-न्यूनतेचे वर्गीकरण: आधी हाडांचे वर्णन, मग कारण

जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टने विचारलेला प्रश्न असा आहे. चार महिन्यांच्या एका मुलीचा डावा हात कोपराखाली आखूड आहे. जन्माच्या वेळच्या डिस्चार्ज कार्डावर ‘फोकोमेलिया’, अस्थिरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘जन्मजात अँप्युटेशन’ आणि हाताच्या शल्यचिकित्सकांच्या टिपणात ‘सिंब्रॅकिडॅक्टिली’ असे लिहिलेले आहे. एक्स-रेमध्ये ह्यूमरस (दंडाचे हाड) पूर्ण दिसते. रेडियस (कोपराखालचे अंगठ्याच्या बाजूचे हाड) आणि अल्ना (करंगळीच्या बाजूचे हाड) ही दोन्ही हाडे कोपरापाशी आहेत, पण थोड्याच अंतरावर संपतात. टोकाला मांसाचे पाच बारीक मणी आहेत. बाकीचे तीन अवयव व्यवस्थित आहेत. यांतले बरोबर नाव कोणते, आणि अशा मुलांसाठी नेमके कोणते वर्गीकरण वापरावे?

या मुलीच्या निदानाची पहिली ओळ ‘ट्रान्सव्हर्स, फोरआर्म, अप्पर थर्ड, लेफ्ट’ अशी असावी. म्हणजे डाव्या हातातील आडवी न्यूनता, जिच्यात कोपराखालच्या हाडांचा वरच्या एक तृतीयांशातला भाग तयार झाला आहे आणि त्यापुढे एकही हाड नाही. ‘फोकोमेलिया’ हे नाव येथे सरळ चुकीचे आहे, कारण त्याचा अर्थ मधला भाग नसून पंजा थेट खांद्याला जोडलेला असणे असा आहे. ‘जन्मजात अँप्युटेशन’ दिशाभूल करणारे आहे, कारण पूर्ण तयार झालेला हात नंतर तुटला असा त्याचा अर्थ होतो, आणि या मुलीच्या बाबतीत तसे घडल्याची एकही खूण नाही. ‘सिंब्रॅकिडॅक्टिली’ बहुधा बरोबर आहे, परंतु ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. हात कुठे संपतो हे त्यातून कळत नाही. तो कोणत्या प्रकारच्या गडबडीतून असा घडला, याविषयीचे मत त्यातून कळते.

या क्षेत्रातला बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. कोणते हाड नाही, ते का तयार झाले नाही आणि उपचारासाठी हा कोणता उपप्रकार आहे, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळी वर्गीकरणे आहेत. ती एकाच ओळीत मिसळली की तीन डॉक्टरांच्या कागदांवर तीन नावे दिसतात आणि आईवडिलांना वाटते की कोणाचेच एकमत नाही. प्रत्यक्षात तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असू शकतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना निदान नेहमी तीन ओळींत लिहायला लावतो: पहिलीत हाडांचे वर्णन, दुसरीत संभाव्य कारण किंवा सिंड्रोम, तिसरीत त्या विशिष्ट हाडासाठी शल्यचिकित्सक वापरतात तो प्रकार. पहिली ओळ जन्मल्यापासून लिहिता येते. दुसरी आणि तिसरी ओळ काही महिने, कधीकधी काही वर्षे रिकामी ठेवावी लागली तरी चालते.

पहिल्या ओळीची भाषा ठरवायला जगाला बराच काळ लागला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड विक्रीस आले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथे मागे घेतले गेले. मधल्या काळात अनेक देशांत मिळून सुमारे दहा हजार बालके या औषधाचे परिणाम घेऊन जन्माला आली असे मानले जाते. अवयवांच्या न्यूनतेची इतकी मुले एकाच वेळी समोर आल्यावर प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने त्यांचे वर्णन करतो आहे, हे लक्षात आले. अमेरिकेत फ्रांझ आणि ओ’राहिली यांनी १९६१ मध्येच एक पद्धत मांडली होती. तिच्यात अवयवाचे टोक नसणे आणि टोक असून मधला भाग नसणे असे दोन मुख्य गट होते, आणि हेमिमेलिया (अर्धा अवयव नसणे), अमेलिया (पूर्ण अवयव नसणे), फोकोमेलिया अशा ग्रीक मुळांच्या शब्दांचा भरपूर वापर होता. जर्मन डॉक्टरांची मांडणी निराळी होती. अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर एकाच मुलाला दोन नावे मिळत असतील, तर आकडेवारी जुळवून कारण शोधणे अशक्य होते. म्हणून आयएसपीओ या कृत्रिम अवयव क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने १९७३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे तज्ज्ञ एकत्र बसले. तेथे तयार झालेल्या मसुद्यावरून पुढे १९८९ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ८५४८-१ हे मानक प्रसिद्ध झाले. आज वर्णनासाठी मी तेच वापरतो आणि इतरांनीही तेच वापरावे असा माझा आग्रह आहे.

या मानकाने स्वतःवर घातलेली बंधने हीच त्याची ताकद आहे. ते केवळ शरीररचना आणि एक्स-रे यांवर चालते. गर्भातील घडण, अनुवंश, औषधे यांविषयी ते काहीही बोलत नाही. ज्यात मुख्यतः हाडेच तयार झालेली नाहीत अशा न्यूनतांपुरते ते मर्यादित आहे. जास्तीची बोटे, चिकटलेली बोटे किंवा वाकडा पाय हे त्याच्या कक्षेत येत नाहीत. हेमिमेलियासारखे शब्द त्याने टाळले, कारण ते नेमके नाहीत. ‘फिब्युलर हेमिमेलिया’ (फिब्युला म्हणजे गुडघ्याखालचे बाहेरच्या बाजूचे बारीक हाड) वाचून अर्धा पाय नाही असे वाटते, आणि प्रत्यक्षात पावलासकट पाय समोर दिसत असतो.

मानकात प्रकार दोनच आहेत. आडव्या न्यूनतेत अवयव एका पातळीपर्यंत जवळपास नेहमीसारखा वाढतो आणि त्यापुढे एकही हाड नसते. ज्या भागात तो संपतो त्या भागाचे नाव घ्यायचे आणि मग त्या भागातली पातळी सांगायची. हातासाठी हे भाग खांदा, दंड, फोरआर्म, कार्पस (मनगटाची हाडे), मेटाकार्पल (तळहाताची हाडे) आणि बोटांची पेरे असे येतात. पायासाठी श्रोणी, मांडी, गुडघ्याखालचा पाय, टार्सस (घोट्याजवळची हाडे), मेटाटार्सल (तळपायाची हाडे) आणि पेरे. दंड, फोरआर्म, मांडी आणि पाय यांत वरचा, मधला किंवा खालचा एक तृतीयांश असे सांगता येते. एखादा संपूर्ण भाग नसेल तर त्या भागापुढे ‘टोटल’ लिहायचे: ‘फोरआर्म, टोटल’ याचा अर्थ दंड पूर्ण आहे आणि कोपरापासून पुढे काहीच नाही. टोकाला बोटांचे कोंभ किंवा मणी असले तरी न्यूनता आडवीच राहते, कारण त्यांत हाड नसते. तुम्ही वर्णन केलेले पाच मणी हे याचेच उदाहरण आहे.

आडवी नसलेली प्रत्येक न्यूनता उभी, म्हणजे लाँजिट्यूडिनल. अवयवाच्या लांबीच्या दिशेने एखादे हाड पूर्ण किंवा अंशतः नसते, आणि त्याच्या पुढची काही हाडे मात्र असू शकतात. येथे बाधित हाडांची नावे शरीराजवळून टोकाकडे क्रमाने लिहायची आणि प्रत्येकापुढे ‘टोटल’ की ‘पार्शल’ हे नोंदवायचे. हातावर बोटे अंगठ्याकडून आणि पावलावर मोठ्या बोटाकडून मोजायची. मेटाकार्पल किंवा मेटाटार्सल आणि त्यापुढची पेरे मिळून होणाऱ्या रांगेला ‘रे’ म्हणतात. अंगठा आणि रेडियस दोन्ही नसलेल्या मुलाच्या कागदावर ‘लाँजिट्यूडिनल, राइट, रेडियस टोटल, कार्पस पार्शल, रे १ टोटल’ असे येईल. यात एक नियम गृहीत असतो आणि नवशिके तोच विसरतात: ज्या हाडाचे नाव घेतलेले नाही ते हाड आहे आणि नेहमीसारखे आहे. त्यामुळे एक्स-रेवरचे प्रत्येक हाड पाहिल्याशिवाय ही ओळ लिहिताच येत नाही. मला या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. ती डोळ्यांना शिस्त लावते.

आता दुसऱ्या ओळीकडे, म्हणजे कारणाकडे वळू. आडवी न्यूनता दोन अगदी भिन्न मार्गांनी होऊ शकते आणि दोन्हींची पहिली ओळ सारखीच दिसू शकते. सिंब्रॅकिडॅक्टिलीच्या मार्गात गर्भातील कोंभाची वाढ मंदावते, परंतु टोकावरची त्वचा आणि तिच्याखालची ऊती आपली ओळख राखून असते. म्हणून टोकाला मणी दिसतात आणि चांगल्या उजेडात, त्वचा किंचित ताणून पाहिले तर त्यांवर टाचणीच्या टोकाएवढी नखे दिसतात. ही नखे जरूर शोधा. त्याच बाजूची हाडे वरपर्यंत थोडी बारीक असतात आणि स्नायूही कमी असतात. हे बहुतेक वेळा एकाच हातात होते, डाव्या बाजूला अधिक दिसते आणि कुटुंबात पुन्हा होण्याची शक्यता फारच कमी असते. दुसरा मार्ग अम्नियॉटिक बँडचा. गर्भपिशवीच्या आवरणाचे धागे चांगल्या वाढत असलेल्या अवयवाला आवळतात. अशा टोकाला मणी किंवा नखे नसतात, कापल्यासारखे टोक असते, त्याच्या वरचा भाग पूर्ण सुदृढ असतो, आणि दुसऱ्या हातावर किंवा पायावर करदोट्यासारखा आवळलेला वळ, टोकाशी चिकटलेली बोटे किंवा सुजलेले पाऊल सापडते. म्हणूनच एका हाताची तक्रार घेऊन आलेल्या बाळाचे सर्व कपडे काढून चारही अवयव तपासावेत.

हा फरक केवळ शास्त्रीय समाधानासाठी नाही. बँडमुळे हाडाच्या मधोमध संपलेल्या अवयवात वाढीच्या वयात हाडाचे टोक टोकदार होऊन त्वचेला आतून टोचू शकते, आणि कृत्रिम अवयवाचे सॉकेट (उरलेला अवयव ज्यात बसतो तो भाग) बसवणाऱ्याला हे आधी ठाऊक असावे लागते. सिंब्रॅकिडॅक्टिलीच्या हातात ही अडचण क्वचित येते. त्याऐवजी छाती पाहावी लागते: बाळाचा हात बाजूला उचलल्यावर काखेची पुढची घडी दोन्ही बाजूंना सारखी आहे का? त्या बाजूचा पेक्टोरालिस मेजर स्नायू अंशतः नसेल तर तो पोलंड सिंड्रोम, आणि दुसऱ्या ओळीत त्याचे नाव यायला हवे.

कारणाची चौकशी करताना तारखांचे भान ठेवावे. हाताचा कोंभ फलनानंतर सुमारे २६व्या दिवशी दिसू लागतो, पायाचा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी हातापायांचे सर्व भाग ओळखता येतात. सोनोग्राफीच्या कागदावरचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजलेले असतात, त्यामुळे त्यांतून दोन आठवडे वजा करावे लागतात. थॅलिडोमाइडचा धोक्याचा काळ फलनानंतर साधारण २० ते ३६ दिवसांचा होता. आज आपल्याकडे विचारायला हवे ते मिसोप्रोस्टोलविषयी, म्हणजे गर्भपातासाठी घेतलेल्या आणि उपयोगी न पडलेल्या गोळीविषयी. गर्भाशयाचे तीव्र आकुंचन होऊन गर्भाचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि अवयवांच्या टोकांच्या न्यूनता, कधी चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या दुबळेपणासह, दिसतात. हा प्रश्न आईला एकटीला, सासूबाई आणि नवरा समोर नसताना विचारावा, आणि उत्तर कुटुंबाच्या हातात जाईल अशा कागदावर लिहू नये.

आपल्याकडच्या घरांत कारण म्हणून सर्वांत आधी जे सांगितले जाते ते ग्रहण. सुनेने ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, म्हणून बाळाचा हात असा झाला, हे बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येते, आणि ती सून मान खाली घालून ते ऐकत असते. अशा वेळी गप्प बसणे हे डॉक्टरांचे किंवा थेरपिस्टचे काम नव्हे. ग्रहणाचा हातापायांच्या घडणीशी काहीही संबंध नाही, आणि सातव्या महिन्यातल्या ग्रहणाची आठवण काढणाऱ्यांना हेही सांगावे की बाळाची बोटे त्याच्या किती तरी आधी घडून गेलेली असतात. बँड गर्भारपणात नंतरही आवळू शकतात, पण तेही विळीने किंवा कात्रीने निर्माण होत नाहीत. हे सर्व कुटुंबासमोर, स्पष्ट शब्दांत आणि आईकडे पाहून सांगितले पाहिजे. नोंद अचूक असेल तर हे ठामपणे सांगता येते, आणि वर्गीकरणाचा हा उपयोग मला कोणत्याही कोष्टकाहून कमी वाटत नाही.

उभ्या न्यूनतांमध्ये कारणाची ओळ जीव वाचवू शकते, आणि त्यातही रेडियसची. हातातल्या उभ्या न्यूनतांत ती सर्वाधिक आढळते. रेडियस नसेल किंवा आखूड असेल तर मनगट अंगठ्याच्या बाजूला वळते, आणि कागदावर ‘रेडियल क्लब हँड’ लिहून बाळ प्लास्टरसाठी पाठवले जाते. त्याआधी हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, मणक्याचा एक्स-रे आणि प्लेटलेटसह रक्ताची पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. हृदयाच्या पडद्याला छिद्र आणि अंगठ्यात दोष असे एकत्र आले, तर होल्ट-ओरम सिंड्रोमचा विचार करून आईवडिलांचे अंगठेही पाहावेत. वडिलांचा अंगठा थोडासाच वेगळा असतो आणि तो आजवर कोणी पाहिलेला नसतो. दोन्ही रेडियस नाहीत पण दोन्ही अंगठे आहेत, हे चित्र टीएआर (प्लेटलेट कमी आणि रेडियस नाही) सिंड्रोमचे आहे. त्यात पहिल्या वर्षी प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतात आणि पुढे हळूहळू सुधारतात. म्हणून हाताची शस्त्रक्रिया तोपर्यंत थांबवायची असते. अंगठा आहे की नाही ही एवढीशी नोंद येथे किती मोलाची ठरते, हे यावरून लक्षात यावे.

फॅन्कोनी अॅनिमियाचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा करतो. यात जन्मावेळी रक्ताची तपासणी अगदी व्यवस्थित येऊ शकते आणि अस्थिमज्जा पुढे, बहुधा शाळेच्या वयात, निकामी होऊ लागते. अंगठ्याचा किंवा रेडियसचा दोष ही त्या आजाराची अनेक वर्षे आधी मिळालेली सूचना असते. तो बहुतांशी दोन्ही पालकांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतो, आणि आपल्या समाजात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न अजूनही होते. म्हणून रेडियसची न्यूनता दिसली की नात्यातले लग्न आहे का हे विचारून गुणसूत्रे तुटण्याची चाचणी करून घ्यावी. पुढच्या अपत्याचा सल्ला आणि भावंडांची तपासणी दोन्ही तिच्यावर अवलंबून आहेत.

याउलट अल्नाच्या न्यूनतेत इतर अवयवांचे दोष कमी आणि हातापायांतले अधिक असतात. मधली रांग नसलेल्या हाताकडे पाहताना, म्हणजे ‘रे ३ टोटल’ असे लिहिताना, पावले जरूर तपासावीत, कारण चारही टोकांना फट असलेला प्रकार कुटुंबात उतरतो आणि एकाच घरात त्याची तीव्रता फार कमीजास्त असते.

पायांकडे वळल्यावर तिसरी ओळ, म्हणजे शल्यचिकित्सेचा उपप्रकार, महत्त्वाची ठरते. पायातल्या लांब हाडांपैकी सर्वाधिक न्यूनता फिब्युलाची असते. वर्णन ‘फिब्युला टोटल, टार्सस पार्शल, रे ५ टोटल’ असे होईल आणि तिसऱ्या ओळीत अख्तरमन आणि कलामची यांचा १९७९चा प्रकार येईल. ही न्यूनता सहसा कुटुंबात पुन्हा होत नाही. टिबियाची (नडगीच्या हाडाची) न्यूनता दुर्मीळ आहे, पण ती कधीकधी आनुवंशिक असते, त्यामुळे एकच शब्द वाचण्यात झालेली चूक कुटुंबाला चुकीचा सल्ला देऊ शकते. टिबियासाठी जोन्स, बार्न्स आणि लॉइड-रॉबर्ट्स यांचे १९७८चे वर्गीकरण वापरतात. त्यातला प्रकार १अ आणि १ब यांत एक्स-रेवर टिबिया दिसतच नाही, म्हणजे पहिली ओळ दोन्हींत ‘टिबिया टोटल’ अशीच येते. १ब मध्ये मात्र वरच्या टोकाशी कूर्चेची टिबिया असते, जी सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसते आणि पुढे हाड बनते. ती असेल तर फिब्युला तिला जोडून गुडघा वाचवता येतो. ती नसेल आणि मांडी सरळ करणारा स्नायूही नसेल, तर गुडघ्यातून पाय वेगळा करून कृत्रिम पाय बसवणे हाच बहुधा चांगला मार्ग असतो. केवळ एक्स-रे पाहून अशा बाळाच्या गुडघ्याविषयी निर्णय घेणे मला मान्य नाही.

यातूनच वयाचा मुद्दा येतो. नवजात बाळाच्या मनगटात एकही हाड एक्स-रेवर दिसत नाही, कारण तेथे सर्व कूर्चा असते. कॅपिटेट आणि हॅमेट पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, स्कॅफॉइड पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास. म्हणून नवजात बाळाच्या कागदावर ‘कार्पस टोटल’ लिहिणे हा अंदाज असतो. मांडीच्या हाडाच्या डोक्याचे केंद्रही साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दिसते, त्यामुळे फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) वरच्या भागाच्या न्यूनतेला एटकेन यांच्या अ ते ड या प्रकारांपैकी कोणता लावायचा हे पहिल्या वर्षी अनेकदा ठरतच नाही. अशा वेळी पहिल्या ओळीपुढे एक्स-रेची तारीख आणि बाळाचे वय लिहावे, म्हणजे पुढे वर्णन बदलले तर ते का बदलले हे वाचणाऱ्याला कळेल.

आता फोकोमेलिया. या शब्दाने सांगितले जाते की दंड आणि फोरआर्म नाहीत आणि हाताचा पंजा थेट खांद्याला जोडलेला आहे, म्हणजे मधला तुकडा गायब आहे. थॅलिडोमाइडच्या छायाचित्रांमुळे हा शब्द इतका पसरला की आता कोणत्याही आखूड हाताला तो चिकटवला जातो. या मुलीला पंजाच नाही, त्यामुळे शब्दाच्या जुन्या अर्थानेही तो लागू होत नाही. शिवाय ज्यांना तो लावला जातो, त्यांच्या हातांचे एक्स-रे नीट पाहिले तर जवळजवळ नेहमी खांद्यापासून बोटांपर्यंत रेडियसच्या किंवा अल्नाच्या बाजूची हाडे कमी असल्याचे दिसते आणि पंजाही पूर्ण नसतो. गोल्डफार्ब आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असाच निष्कर्ष मांडला. केवळ मधलाच तुकडा नाही आणि टोकाचा भाग निर्दोष आहे, असे उदाहरण शोधून सापडणे कठीण. आयएसओच्या पद्धतीत ही सर्व मुले उभ्या न्यूनतेत जातात आणि त्यांच्या प्रत्येक हाडाचा हिशेब लिहावा लागतो, हे मला योग्य वाटते.

हाताच्या शल्यचिकित्सकांच्या जगात स्वॉन्सन यांचे सात गटांचे वर्गीकरण अनेक दशके चालले, आणि २०१४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ओबर्ग, मान्स्की आणि टॉंकिन यांची मांडणी स्वीकारली आहे. ती गर्भातील कोंभाच्या कोणत्या अक्षावर गडबड झाली यावर उभी आहे. संशोधनासाठी आणि दुसऱ्या ओळीसाठी ती चांगली आहे. कृत्रिम हात बनवणाऱ्याला मात्र तिच्यातून सॉकेटची लांबी कळत नाही, त्यामुळे पहिल्या ओळीची जागा ती घेऊ शकत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत एवढेच सांगतो. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीत हाताच्या न्यूनता क्यू७१ खाली, पायाच्या क्यू७२ खाली येतात; क्यू७१.४ रेडियससाठी, क्यू७२.५ टिबियासाठी आणि क्यू७२.६ फिब्युलासाठी. क्यू७३ हा कोणता अवयव ते न सांगणारा संकेतांक आहे, आणि डिस्चार्ज कार्डावरच्या ‘फोकोमेलिया’ शब्दामुळे या मुलीची नोंद त्याखाली जाण्याचा संभव आहे. ती दुरुस्त करून घ्यावी. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही आडव्या आणि उभ्या न्यूनतांचा भेद आहे. आडव्या न्यूनतेची टक्केवारी त्याच पातळीच्या अँप्युटेशनप्रमाणे धरतात. उभ्या न्यूनतेत सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, पकड, आणि पायात स्थैर्य व आखूडपणा पाहिला जातो. पहिली ओळ नीट लिहिलेली असेल तर वैद्यकीय मंडळापुढे पालकांना वाद घालावा लागत नाही. मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात कुटुंब पोहोचते, तेव्हा तेथील प्रोस्थेटिस्टही (कृत्रिम अवयव बनवणारा) सर्वांत आधी हीच ओळ शोधतो.

तुमच्या या मुलीसाठी पुढचे काम असे करा. पहिली ओळ वर दिल्याप्रमाणे लिहा. मण्यांवर नखे दिसली आणि इतर अवयवांवर वळ नसले, तर दुसऱ्या ओळीत ‘सिंब्रॅकिडॅक्टिली प्रकार, बँडची चिन्हे नाहीत’ असे लिहा आणि छातीच्या स्नायूची नोंद जोडा. रेडियसच्या बाजूच्या न्यूनतेसाठी सांगितलेल्या तपासण्यांची लांबलचक यादी तिला नेहमीच्या तपासणीत काही वेगळे आढळले तरच लागेल. पालकांना उगाच घाबरवू नका. मणी कापून टाकण्याची घाई करू देऊ नका. ती बसू लागली की, म्हणजे सहा महिन्यांच्या आसपास, हलका आणि हालचाल नसलेला पहिला हात देऊन पाहता येतो. काही मुले तो आनंदाने वापरतात, काही उघड्या टोकाने वस्तूला स्पर्श करून अधिक चांगले काम करतात, आणि दोन्ही मार्ग स्वीकारार्ह आहेत. कोपराकडे मात्र सतत लक्ष ठेवा. इतक्या आखूड फोरआर्ममध्ये रेडियसचे डोके जागेवरून सरकलेले किंवा रेडियस आणि अल्ना वरच्या टोकाशी जुळलेली असू शकतात. रेडियसच्या डोक्याचे केंद्र पाचव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते, म्हणून आत्ताच्या एक्स-रेवरून ‘कोपर निर्दोष’ असे लिहू नका. आज कोपर किती अंशांपर्यंत वाकते आणि सरळ होते ते मोजून नोंदवा, दर भेटीला पुन्हा मोजा, आणि शाळेत जाण्याच्या वयात बाजूने घेतलेला एक्स-रे पाहून पहिली ओळ कायम करा.